गोल्डफिशची टाकी आणि नागपूरचा उन्हाळा

काचेच्या बाउलमध्ये गोल्डफिश राहील का, असं मासे विकणाऱ्याला विचारलं की नागपुरात बहुधा एकच उत्तर मिळतं: ‘काही नाही होत भाऊ, कडक मासा आहे.’ मासा कडक आहे, हे अगदी खरं. घोटाळा ‘काही नाही होत’ मध्ये आहे.

गोल्डफिश हा कार्प कुळातला, म्हणजे आपल्या रोहू-कटल्याचा दूरचा भाऊबंद. चीनमध्ये हजार वर्षांपूर्वीपासून तो हौसेनं पाळला जातोय. त्याच्या अंगी एक अफलातून कसब आहे. थंड प्रदेशातली तळी हिवाळ्यात बर्फाखाली जातात, पाण्यातला ऑक्सिजन जवळजवळ संपतो, तरी गोल्डफिश आणि त्याचा सख्खा नातेवाईक क्रुशियन कार्प तग धरतात. ऑक्सिजनशिवाय ऊर्जा तयार करताना आपल्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचतं. हे मासे त्याचं अल्कोहोल करतात आणि कल्ल्यांवाटे पाण्यात सोडून देतात. यामागच्या विकराचा (एन्झाइमचा) उगम ऑस्लो आणि लिव्हरपूल विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये उलगडून दाखवला. पण हे सगळं चालतं ते पाणी गारठलेलं असताना, शरीराची भूक अगदी मंदावलेली असताना. मे महिन्यात सीताबर्डीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हे कसब फारसं कामाला येत नाही.

बाउलमधला मासा मरतो तो जागा कमी पडली म्हणून नव्हे, तर पाणी बिघडायला वेळ लागत नाही म्हणून. मासा खातो त्यातल्या प्रथिनांचा बराचसा नायट्रोजन अमोनियाच्या रूपात बाहेर पडतो, आणि तोही मुख्यतः कल्ल्यांतून, सतत. विष्ठा काढून टाकली की झालं, असं इथे नसतं.

थोडा हिशोब मांडू. मासा १० ग्रॅमचा, म्हणजे दुकानात मिळतो तेवढाच. दिवसाला त्याला ०.२ ग्रॅम खाद्य घातलं, त्यात ४० टक्के प्रथिनं धरली. प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे सुमारे १३ मिलिग्रॅम. त्यातला निम्म्याहून जास्त, समजा ८ मिलिग्रॅम, अमोनिया म्हणून पाण्यात आला. बाउल ४ लिटरचा असेल तर एका दिवसात लिटरमागे २ मिलिग्रॅम. तोच मासा दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टाकीत असेल तर पाणी सुमारे ७० लिटर, आणि लिटरमागे अमोनिया जेमतेम ०.१ मिलिग्रॅम. मासा तोच, खाद्य तेच. बाउलमध्ये जे एका दिवसात होतं त्याला टाकीत अडीच आठवडे लागतात.

आता यात नागपूर मिसळा. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. एक विद्युतभारित, तुलनेनं निरुपद्रवी. दुसरं मोकळं, कल्ल्यांतून सरळ रक्तात शिरणारं. कुठलं किती, ते पाण्याच्या सामूवर (म्हणजे पीएचवर) आणि तापमानावर ठरतं. सामू ८ असताना २० अंशांना मोकळा अमोनिया एकूणच्या ४ टक्क्यांहून थोडा कमी असतो, ३२ अंशांना तो ८ टक्क्यांच्या वर जातो. बोअरिंगचं जड पाणी वापरणाऱ्या घरांत सामू ७ च्या वरच असण्याची शक्यता जास्त. मोकळा अमोनिया लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमच्या पुढे टिकून राहिला की कल्ले दुखावू लागतात. आपल्या बाउलमध्ये तो पहिल्याच दिवशी त्याच्या तिप्पट होतो. कडक मासा दोन-तीन आठवडे काढतोही. मग दुकानदाराला पुढचं गिऱ्हाईक तेच मिळतं.

निसर्गात हा अमोनिया जिवाणू खातात. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, नायट्रोस्पायरा त्याचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट बऱ्याच प्रमाणात साठेपर्यंत मासा ते सहन करतो. मधला टप्पा मात्र वाईट. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं, रक्त तपकिरी पडतं आणि पाण्यात भरपूर ऑक्सिजन असूनही मासा पृष्ठभागाशी येऊन आ वासतो. जुने लोक अशा वेळी टाकीत चिमूटभर जाडं मीठ टाकतात. यामागे रसायनशास्त्र आहे: मिठातलं क्लोराइड आणि नायट्राइट कल्ल्यांमधल्या एकाच दारातून आत जातात, क्लोराइडची गर्दी झाली की नायट्राइटला आत शिरायला जागा कमी मिळते.

हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर थर धरून राहतात आणि त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. शनिवारी टाकी आणली, रविवारी मासे सोडले, तर मासे येतात ते रिकाम्या वस्तीत. ओळखीच्या कुणाच्या चालू टाकीतला मळका स्पंज पिळून आपल्या फिल्टरमध्ये घातला तर बराच काळ वाचतो. दिसायला किळसवाणा प्रकार आहे, पण बाटलीतल्या बहुतेक औषधांपेक्षा उपयोगी. तो स्पंज नळाखाली धुवायचा नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा असं भारतीय मानक सांगतं. तो जिवाणू मारण्यासाठीच असतो, आणि आपले जिवाणू कोणते हे त्याला कळत नाही. टाकीतून काढलेल्या पाण्यातच स्पंज दोनदा पिळून घ्यायचा.

ऑक्सिजनचं गणितही उन्हाळ्यात उलटं फिरतं. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३२ अंशांना ७ च्या आसपास. त्याच वेळी माशाची गरज वाढते. ढोबळमानानं तापमान १० अंशांनी चढलं की चयापचय दुप्पट. हवेतून पाण्यात ऑक्सिजन शिरतो तो पृष्ठभागातून. बाउल गळ्यापर्यंत भरला की तो पृष्ठभाग बशीएवढा उरतो. एअर पंपाचे बुडबुडे स्वतः फारसा ऑक्सिजन देत नाहीत, त्यांचं मोठं काम पाणी ढवळून पृष्ठभाग हलता ठेवण्याचं. एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: हा पंप खोलीतलीच हवा ओढतो. डासांच्या फवाऱ्यातली आणि लिक्विडच्या बाटलीतली पायरेथ्रॉइड गटातली रसायनं माणसाला तितकीशी बाधत नाहीत, माशांना मात्र फार विषारी ठरतात. डेंग्यूच्या दिवसांत फवारा मारायचाच असेल तर टाकी झाकून पंप तेवढा वेळ बंद ठेवावा.

मे २०१३ मध्ये नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. नवतपा, म्हणजे मेअखेरचे तापलेले नऊ दिवस, लागला की घरातलं पाणीही तिशीच्या वर जातं, आणि गोल्डफिशला बरं वाटतं ते १८ ते २४ अंशांत. तरी तो उष्णतेला जुळवून घेतो, फक्त हळूहळू. कॅनडातले एफ. ई. जे. फ्राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४२ मध्ये गोल्डफिशवरच हे मोजलं होतं: मासा ज्या पाण्याला सरावला आहे ते ३ अंशांनी वाढलं, तर त्याची सहनशक्ती साधारण १ अंशानं वर सरकते. घात होतो तो एकदम झालेल्या बदलानं. म्हणून दुपारी घाबरून टाकीत बर्फाचे खडे टाकू नयेत. आणि गच्चीवरच्या टाकीचं मे महिन्यातलं दुपारचं पाणी तर हात पोळवणारं असतं, ते थेट टाकीत ओतणं म्हणजे माशाचा जीव घेणं. रात्री बादली भरून उघडी ठेवली की सकाळपर्यंत पाणी निवतं आणि क्लोरीनही बराच उडून जातो. घाई असेल तर अँटीक्लोरीनचे थेंब, पण थंड होण्याचं काम ते करत नाहीत.

कोरडा विदर्भी उन्हाळा इथे मदतीलाही येतो. पाण्याची वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते. ७० लिटरच्या टाकीतलं एक लिटर पाणी उडालं तर त्यासोबत सुमारे ८ अंशांएवढी उष्णता जाते. खोली ती परत देत राहते म्हणून प्रत्यक्षात फरक दोन-तीन अंशांचाच पडतो, पण तेवढ्यानं मासा सुखावतो. टाकीवरचं झाकण काढून जाळी घालायची आणि टेबल फॅनचा वारा तिरपा पृष्ठभागावर सोडायचा. जुलैत हवा दमट झाली की ही युक्ती चालत नाही. तेव्हा तिची गरजही उरत नाही.

उडालेल्या पाण्याच्या जागी नुसतं नवं पाणी भरत राहिलं की दुसरी गंमत सुरू होते. वाफ होते ती पाण्याची, क्षार मागेच राहतात. कूलरच्या ताट्या हंगाम संपल्यावर पांढऱ्या, कडक का होतात, ते आठवा. टाकीतही तेच क्षार घट्ट होत जातात. म्हणून भर घालणं वेगळं आणि पाणी बदलणं वेगळं. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी काढून टाकून नवं घालायचं, उन्हाळ्यात तिसरा हिस्सा. सगळी टाकी रिकामी करून घासूनपुसून चकचकीत करणाऱ्यांचेच मासे जास्त मरतात.

मग टाकी केवढी? माझं मत विचाराल तर शेपटी फुगीर, अंग गोल अशा ओरांडा किंवा ब्लॅक मूरच्या जोडीला दोन फुटी टाकी सुरुवातीपुरती ठीक. वर्षभरात तीन फुटी लागेल, म्हणजे ३ × १.५ × १.५ फूट, सुमारे १९० लिटर. एवढ्या पाण्याचं वजनच १९० किलो, काच आणि खडे वेगळे. टीव्हीच्या लाकडी शोकेसवर ती ठेवायची नाही. साध्या, लांब शेपटीच्या गोल्डफिशला तीही लहान पडते, कारण तो सहज २० सेंटिमीटरच्या पुढे जातो. ‘मासा टाकीएवढाच वाढतो’ हे अर्धसत्य आहे. लहान टाकीत तो खुरटतो, आणि खुरटतो तो बहुतेकदा घाणेरड्या पाण्यामुळे. नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं जगणारा हा प्राणी आहे. ब्रिटनमधल्या एका गोल्डफिशनं ४३ वर्षं काढल्याची नोंद आहे.

वास्तूसाठी आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ मासे दोन फुटी टाकीत ठेवणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. तेवढेच हवे असतील तर टाकी चार-पाच फुटांची घ्या, घरात शांती राहील.

खाद्य कमी घाला. गोल्डफिशला जठर नसतं, अन्न सरळ आतड्यात जातं, त्यामुळे तो दिवसभर भुकेलाच दिसतो आणि आपल्याला दया येते. दोन मिनिटांत संपेल एवढं पुरे. तरंगणारे दाणे गिळताना तो हवाही गिळतो, गोल अंगाचे मासे मग उलटे तरंगू लागतात. दाणे आधी भिजवून घेतले की हा त्रास बराच कमी होतो. अधूनमधून उकडून साल काढलेला मटार द्यावा.

थंडीत हीटर घेऊ नका, दुकानदारानं कितीही गळ्यात मारला तरी. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता, पण घरातल्या टाकीचं पाणी त्याच्या आसपासही जात नाही. तेवढी थंडी गोल्डफिशला मानवते. तो थोडा सुस्तावतो, खाणं कमी करतो, आपणही कमी घालायचं.

आणि मासा टाकीला मोठा झाला म्हणून फुटाळा किंवा अंबाझरी तलावात सोडू नका. तळाचा गाळ उकरून पाणी गढूळ करण्यात आणि दुसऱ्या माशांची अंडी फस्त करण्यात तो पटाईत आहे, शिवाय टाकीतले रोग आणि परजीवी सोबत घेऊन जातो. अंगणात सावलीतला हौद असलेलं कुणी ना कुणी ओळखीत निघतंच, नाहीतर दुकानदार परत घेतो का ते विचारावं.