जर्मनीत इंटरनॅशनल बिझनेसमध्ये मास्टर्स: अर्ज नेमका कुठे अडतो

नकाराचा ईमेल आला की घरात पहिली चर्चा मार्कांची होते. जर्मनीच्या बाबतीत मार्क पुष्कळदा पुरेसे असतात. कमी पडलेले असतात क्रेडिट, नाहीतर मार्कशीटची मागची बाजू स्कॅन करायची राहिलेली असते, नाहीतर तारीख चुकीची वाचलेली असते. सरकारी विद्यापीठांच्या इंग्रजी माध्यमातल्या अभ्यासक्रमांना अर्ज करणाऱ्यांसाठी ही माहिती आहे. एसओपी (प्रवेश का हवा हे सांगणारं पत्र), सीव्ही, शिफारसपत्रं यांवर इथे काही नाही. त्यावर सल्ला देणारे गल्लोगल्ली आहेत, आणि अर्ज सहसा त्यामुळे अडतही नाही.

आधी पदवीचं नाव नीट वाचा. एमए किंवा एमएससी इंटरनॅशनल बिझनेस हा बहुधा ‘कॉन्झेकुटिव्ह’ अभ्यासक्रम असतो, म्हणजे पदवीनंतर थेट करायचा. सरकारी विद्यापीठांत त्याला सहसा शिकवणी शुल्क नसतं, दर सेमिस्टरची वर्गणी तेवढी भरावी लागते. ठळक अपवाद बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याचा: तिथे २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. एमबीए मात्र ‘वाइटरबिल्डेंड’ प्रकारात मोडतो. त्याला फी असते आणि पदवीनंतरचा कामाचा अनुभव लागतो, किमान एक वर्ष, काही ठिकाणी दोन किंवा जास्त. कॉलेजात असताना केलेली इंटर्नशिप यात धरत नाहीत. अनुभवाच्या पत्रावर रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख आणि पूर्णवेळ काम केल्याचा उल्लेख हवा. ‘अमुक आमच्याकडे मनापासून काम करत होते’ एवढंच लिहिलेलं पत्र तिथे कुणी वाचत नाही. खासगी संस्थांतही याच नावाचे अभ्यासक्रम आहेत आणि एजंट तिकडेच जास्त ओढतात. पैसे भरण्याआधी ती संस्था जर्मन सरकारमान्य आहे का, म्हणजे ‘हॉखशूलकोम्पास’ या जर्मन विद्यापीठांच्या यादीत तिचं नाव आहे का, हे स्वतः पाहा. तुम्ही ज्या भारतीय विद्यापीठाची पदवी घेतली त्याचा दर्जा ‘अनाबिन’ या जर्मन सरकारी यादीत दिसतो, मान्यता असेल तर नावापुढे ‘एच प्लस’ असतं.

आता क्रेडिट. सर्वांत जास्त अर्ज इथे कोसळतात, म्हणून हा भाग दोनदा वाचा.

युरोपात अभ्यास ईसीटीएस क्रेडिटमध्ये मोजतात. एका वर्षाचे ६०, म्हणजे आपल्या तीन वर्षांच्या पदवीचे १८०. मास्टर्सपर्यंत एकूण ३०० भरावेत असा तिथला हिशेब आहे. चार सेमिस्टरच्या मास्टर्सचे १२० असतात, त्यामुळे १८० आणि १२० मिळून गाडी बरोबर बसते. तीन सेमिस्टरचा अभ्यासक्रम मात्र ९० चा असतो आणि प्रवेशासाठी २१० मागतो. ‘लवकर संपतो, खर्च वाचतो’ म्हणून बीकॉमवाले तोच निवडतात, ३० क्रेडिट कमी पडतात आणि अर्ज बाद होतो. काही विद्यापीठं हे ३० क्रेडिट जादा विषय घेऊन किंवा प्रॅक्टिकल सेमिस्टर करून भरू देतात. तशी सोय असेल तर ती प्रवेशाच्या नियमावलीत लिहिलेली असते. जाहिरातीच्या पानावर ती शोधू नका, नियमावलीची पीडीएफ उघडा. चार वर्षांच्या इंजिनिअरिंगचे साधारण २४० धरतात, त्यामुळे त्यांना ही अडचण नाही. त्यांची अडचण पुढे आहे.

एकूण क्रेडिट पुरले तरी विषयवार अट उरतेच. अर्थशास्त्र आणि व्यवस्थापनाचे मिळून अमुक ईसीटीएस, त्यातले अमुक गणित किंवा संख्याशास्त्राचे, अशी ती अट असते. मेकॅनिकलच्या पदवीत व्यवस्थापनाचे तीन-चार पेपर असतात, तेवढ्यावर ६० ईसीटीएसची अट भरत नाही, मग सीजीपीए नऊ का असेना. बीकॉमवाल्यांचं दुखणं उलटं: अकाउंट्स, कॉस्टिंग, टॅक्सेशन भरपूर, संख्याशास्त्र जेमतेम एक-दोन पेपर. अर्ज करण्याआधी कागद घेऊन बसा आणि प्रत्येक पेपरपुढे क्रेडिट मांडा. तीन वर्षांच्या पदवीचे भारतीय क्रेडिट १२० असतील तर १८० भागिले १२०, म्हणजे दीडपट. चार क्रेडिटचा पेपर सहा ईसीटीएसचा होतो. एकूण १४० असतील तर पट कमी होते आणि तोच पेपर साधारण पाचवर येतो.

हे सिद्ध करायला विषयांचं वर्णन लागतं, आणि नेमका तोच कागद आपल्याकडे कुणाजवळ नसतो. प्रत्येक विषयात काय शिकवलं, किती तास, किती क्रेडिट, हे विद्यापीठाच्या अभ्यासक्रम पुस्तिकेत असतं. तुम्ही ज्या वर्षी प्रवेश घेतला त्या वर्षीचाच अभ्यासक्रम हवा. संकेतस्थळावर आज दिसतो तो सुधारित असू शकतो. त्यावर कॉलेजचा शिक्का मागितला असेल तर ‘असं पत्र आम्ही देत नाही’ हे उत्तर ऐकायची तयारी ठेवा. शिक्का मारायला कारकुनाचे दोन मिनिटं जातात, त्यासाठी विद्यार्थ्याच्या चार खेपा होतात. पुस्तिकेची छापील प्रत, विषयांची यादी आणि प्राचार्यांच्या नावे लिहिलेला अर्ज, असं सगळं घेऊनच जा.

मार्कांचं रूपांतर ‘सुधारित बव्हेरियन सूत्रा’ने होतं. कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि उत्तीर्ण गुणांतल्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं आणि एक मिळवायचा. तिथे १ सर्वोत्तम, ४ म्हणजे जेमतेम पास. सीजीपीए ७.२ असेल आणि पासिंग ४ ला असेल तर उत्तर २.४ येतं. पासिंग ५ धरलं तर तेच गुण २.६८ होतात. अट २.५ ची असेल तर या एका आकड्यावर तुम्ही आत किंवा बाहेर. पासिंग किती हे मार्कशीटच्या मागच्या बाजूला छापलेलं असतं, आणि स्कॅन करताना लोक मागची बाजू सोडतात. ती किमान एकदा तरी जोडाच. सीजीपीएची टक्केवारी करून मग सूत्र लावलं तर वेगळंच उत्तर येतं. मार्कशीटवर जी पद्धत छापली आहे तीच वापरा.

नावाचा घोळ खास आपला आहे. महाराष्ट्रातल्या मार्कशीटवर आडनाव पहिलं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, पुष्कळदा शेवटी आईचंही. पासपोर्टवर वेगळी मांडणी. सर्व अर्जांत पासपोर्टप्रमाणेच नाव भरा, ‘आडनाव’ आणि ‘दिलेलं नाव’ यांची अदलाबदल होऊ देऊ नका. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद सुरुवातीलाच जोडा. त्यांनी मागेपर्यंत थांबलात तर मधले आठवडे गेले.

एपीएस प्रमाणपत्र म्हणजे तुमचे शैक्षणिक कागद खरे आहेत याची पडताळणी. नोव्हेंबर २०२२ पासून भारतातून जाणाऱ्या विद्यार्थ्यांना व्हिसासाठी ते सक्तीचं आहे, आणि विद्यापीठं अर्जासोबतच मागतात. शुल्क १८,००० रुपये. दहावी, बारावी, सर्व सेमिस्टरच्या मार्कशीट, पदवी, पासपोर्ट हे मुख्य कागद. शेवटच्या वर्षाला असाल तर तीन वर्षांच्या पदवीसाठी पाचव्या सेमिस्टरपर्यंतच्या मार्कशीटवर अर्ज करता येतो, म्हणून सहाव्याच्या निकालाची वाट पाहत बसू नका. जूनमध्ये निकाल, मग एपीएस, मग १५ जुलैच्या आत विद्यापीठाचा अर्ज: हे गणित कधीच जुळत नाही. ऑक्टोबरच्या, म्हणजे हिवाळी सत्राच्या प्रवेशासाठी पाचव्याचा निकाल हातात आला त्याच आठवड्यात एपीएसचा अर्ज जायला हवा.

बरीच विद्यापीठं अर्ज ‘युनि-असिस्ट’ या परदेशी अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत घेतात. पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३०. पैसे पोचल्याशिवाय अर्ज उघडतच नाहीत, आणि तपासणीला चार ते सहा आठवडे सहज जातात. म्हणून तारखेच्या आठ आठवडे आधी अर्ज सादर करा. हिवाळी सत्राची तारीख सर्रास १५ जुलै सांगितली जाते, पण इंग्रजी अभ्यासक्रमांत युरोपबाहेरच्यांसाठी ती मे, एप्रिल, कधी मार्चमध्येच संपते. त्या अभ्यासक्रमाच्या स्वतःच्या पानावरची तारीखच खरी. तारखेपुढे ‘आउसश्लुसफ्रिस्ट’ लिहिलं असेल तर त्यानंतर राहिलेला कागदही घेत नाहीत, विनवणीचा ईमेल पाठवून उपयोग नाही.

दुसरा सापळा व्हीपीडीचा. काही विद्यापीठं युनि-असिस्टकडून फक्त प्राथमिक तपासणीचा हा कागद मागतात. तो मिळाला की अर्ज झाला असं समजून लोक निवांत होतात. अर्ज झालेलाच नसतो! व्हीपीडी घेऊन विद्यापीठाच्या पोर्टलवर मुदतीत वेगळा अर्ज करायचा असतो.

इंग्रजीसाठी आयईएलटीएस ६.५ ही नेहमीची अट, गुण दोन वर्षंच चालतात. ‘शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं’ असं कॉलेजचं पत्र अनेक ठिकाणी चालत नाही.

पैशांचं. ब्लॉक अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवायच्या आणि दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे महिना ९९२, हा आकडा १ सप्टेंबर २०२४ पासूनचा आहे. जुन्या व्हिडिओंत ११,२०८ ऐकून कमी पैसे पाठवू नका. मधल्या बँकेचे शुल्कही वाटेत कापले जाते आणि पंधरा-वीस युरो कमी पोचले तरी खातं भरल्याचं पत्र मिळत नाही. बँकेत फॉर्म भरताना सर्व शुल्क पाठवणाऱ्याकडून घ्या असा पर्याय निवडा, वर थोडे जास्तच पाठवा. शैक्षणिक कर्ज असेल तर ब्लॉक अकाउंटमध्ये थेट रक्कम सोडायला तुमची शाखा तयार आहे का, हे मंजुरीआधी लेखी विचारा. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर भिस्त असेल तर संस्था क्यूएस या जागतिक विद्यापीठ क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये लागते. या विषयाचे पुष्कळ अभ्यासक्रम उपयोजित विज्ञान विद्यापीठांत म्हणजे ‘हॉखशूले’त आहेत, आणि त्या यादीत त्या सापडत नाहीत. अभ्यासक्रम ठरवण्याआधीच हे पाहा.

महाराष्ट्र आणि गोव्यातल्यांचा व्हिसा मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतो, शुल्क ७५ युरो. प्रवेशपत्र, एपीएस, ब्लॉक अकाउंटचं पत्र, आरोग्य विमा हे कागद एकमेकांशी जुळले पाहिजेत. विम्यात वय मोजलं जातं: सरकारी विम्याचा विद्यार्थी दर तिशीपर्यंतच मिळतो, त्यापुढच्यांनी खासगी विम्याची चौकशी आधी करावी. पूर्वी व्हिसा नाकारला तर फेरविचाराचा मोफत अर्ज करता येत असे. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली. आता नव्याने शुल्क भरून पुन्हा अर्ज करायचा, नाहीतर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जायचं. तोवर सत्र सुरू झालेलं असतं, त्यामुळे नकार आलाच तर आधी विद्यापीठाला कळवून पुढच्या सत्रात जागा राखता येते का ते विचारा. काही देतात, काही नव्याने अर्ज करायला सांगतात.