केवड्याचा अभ्यास बागेआधी संदर्भ विभागात

ऑक्टोबरची गोड्या बहाराची छाटणी उरकली आणि आभाळ भरून आलं की निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत एकच धास्ती असते, पानांवर येणाऱ्या केवडा या रोगाची. घरची बाग असलेल्या मुलामुलींना कॉलेजच्या जीवशास्त्र प्रकल्पासाठी हाच विषय सुचतो, आणि तो चांगलाच आहे. अडचण पुढे येते. मोबाइलवर शोधलं की फवारणीची औषधं आणि त्यांची मात्रा धडाधड समोर येते, पण हा रोग करणारा जीव कोण, तो पानात शिरतो कसा, हे बाजूलाच राहतं. म्हणून प्रयोग ठरवण्याआधीचं वाचन संदर्भग्रंथांतून व्हावं, असं मला मनापासून वाटतं. नाशिककरांना त्यासाठी लांब जायला नको. इथल्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापनाच १८४० सालची आहे.

सुरुवात मराठी विश्वकोशापासून करावी. विषयाचा आवाका कळतो, मराठी संज्ञा हाती लागतात. मग जाडजूड ग्रंथांकडे वळावं. ते पहिल्या पानापासून वाचायचे नसतात. शेवटची सूची उघडायची आणि शास्त्रीय नाव शोधायचं. केवड्याचं ‘प्लाझ्मोपॅरा व्हिटिकोला’, तर भुरी या द्राक्षावरच्या दुसऱ्या रोगाचं ‘एरिसायफी नेकेटर’. भुरी जुन्या पुस्तकात ‘अन्सिन्युला’ या नावाखाली सापडेल, तेव्हा दोन्ही नावं पाहावीत. पुस्तकं विषयवार क्रमांकांनी लावणाऱ्या ड्यूई दशांश पद्धतीच्या ग्रंथालयात एकाच कपाटावर थांबूही नये: वनस्पतिशास्त्र ५८० मध्ये, वनस्पतींचे रोग ६३२ मध्ये आणि द्राक्ष ६३४.८ मध्ये असतं.

आता दोन काळांतली पुस्तकं शेजारी ठेवून पाहा. जुन्या वनस्पतिशास्त्रात केवड्याचा जीव बुरशींच्या प्रकरणात आहे. नव्या ग्रंथात तो तिथून हलवलेला दिसतो. तो ऊमायसीट गटातला, म्हणजे खऱ्या बुरशीपेक्षा तपकिरी शैवालांच्या आणि डायटम या एकपेशीय शैवालांच्या जवळचा. खऱ्या बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असतं, याच्या भित्तिकेत मुख्यतः सेल्युलोज आणि ग्लुकन. बुरशी स्वतःच्या पेशीपटलासाठी अर्गोस्टेरॉल तयार करते, हा करत नाही. ही फक्त वर्गीकरणाची हलवाहलव नव्हे. भुरीवर चालणारी ट्रायझोल गटातली औषधं नेमकं अर्गोस्टेरॉल तयार होणंच रोखतात. जिथे ते तयारच होत नाही तिथे ती रोखणार काय? भुरीचं औषध केवड्याला का लागू पडत नाही, याचं कारण असं दोन पुस्तकांच्या मधोमध सापडतं.

वनस्पतिरोगशास्त्राच्या ग्रंथात पुढचा धागा मिळतो. केवड्याचे चलबीजाणू (पोहणारे बीजाणू) दोन कशाभिकांच्या, म्हणजे शेपटीसारख्या धाग्यांच्या साहाय्याने पाण्याच्या पातळ थरातून पोहतात आणि पर्णरंध्रांतून आत शिरतात. द्राक्षाच्या पानाची रंध्रं खालच्या बाजूला असतात, म्हणून वर पिवळट तेलकट डाग आणि त्याच्याच खाली पांढरी लव. भुरीचं तसं नाही. ती पानाच्या दोन्ही बाजूंना पृष्ठभागावरच पसरते, शोषकांनी बाह्यत्वचेतून अन्न घेते, आणि तिला पान ओलं असण्याची गरज नसते.

इतिहासही याच पानांत असतो. हा रोग १८७८ च्या सुमारास अमेरिकेतून फ्रान्समध्ये पोचला, आणि १८८५ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण त्यावर उपयोगी असल्याचं प्रसिद्ध केलं. आपल्या बागांतला बोर्डो तो हाच.

बांधावरच्या वनस्पती प्रकल्पात घ्यायच्या असतील तर थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याचा वनस्पतिकोश आहे, शिवाय नाशिक जिल्ह्याच्या वनस्पतींवर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने १९९१ मध्ये काढलेला ग्रंथ आहे. संदर्भग्रंथ सहसा घरी देत नाहीत, त्यामुळे टिपणं तिथेच काढावी लागतात. ग्रंथाचं नाव, आवृत्ती, वर्ष आणि पान आधी लिहावं, मजकूर नंतर. जीवशास्त्रात वर्ष फार महत्त्वाचं, हे बुरशीच्या प्रकरणाने दाखवलंच आहे. पुस्तक सापडेना तर ग्रंथपालांना ‘द्राक्षाची माहिती हवी’ असं न म्हणता ‘केवड्याच्या जीवाचं जीवनचक्र हवं’ असं सांगावं.

एवढं वाचून झालं की प्रयोग आपोआप सुचतो. तेलकट डागाचं पान तोडायचं, ओल्या टिपकागदावर खालची बाजू वर करून झाकणाच्या डब्यात रात्रभर अंधारात ठेवायचं. दुसरं तसंच पान कोरड्या डब्यात. सकाळी लव कोणत्या पानावर आली, ते भिंगाखाली पाहून नोंदवायचं.