पुरुषांची होजिअरी : ठाण्याच्या हवेत

बनियन, चड्डी आणि साधा टी-शर्ट हे पुरुषांच्या अंगाला थेट लागणारे विणीचे कपडे. दुकानदार या सगळ्यांना मिळून 'होजिअरी' म्हणतात. ठाण्यात हे कपडे निवडताना सगळ्यात आधी पाहायचे ते कापड किती लवकर सुकते. खाडीकाठची दमट हवा, वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि लोकलच्या गर्दीतला रोजचा प्रवास यामुळे सकाळी घातलेली बनियन ऑफिसात पोचण्याआधीच भिजलेली असते. धुतलेले जोड फ्लॅटच्या ग्रिलमध्ये जुलैत दोन-दोन दिवस ओले राहतात.

नावे. 'बनियन' हा शब्द गुजराती 'वाणियो'पासून निघाला आणि पोर्तुगीज-इंग्रजीत फिरून आपल्याकडे परतला. वाटेत त्याचा अर्थ व्यापाऱ्यावरून त्याच्या सैल अंगरख्यावर आणि पुढे आतल्या कपड्यावर गेला. 'गंजीफ्रॉक' आणि 'गंजी' यांचे मूळ इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी बेटावरच्या खलाशांच्या लोकरी विणीच्या कपड्यात आहे. जुन्या पिढीच्या तोंडी अजून गंजीफ्रॉकच असते.

कापड. ठाण्याचे कापडाशी नाते जुने आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने इथून सुती माल बाहेर जात असल्याची नोंद केली. १९२५ साली रेमंडची लोकरीची गिरणी इथेच उभी राहिली आणि शेजारच्या भिवंडीत यंत्रमागांची खडखड आजही ऐकू येते. मात्र यंत्रमागावर उभ्या-आडव्या धाग्यांचे कापड तयार होते, होजिअरीचे कापड धाग्याचे फास एकमेकांत अडकवून विणलेले असते. फास ओढला की लांबतो, सोडला की मागे येतो, म्हणून बनियन डोक्यावरून घालता येते. हा विणीचा माल ठाण्यात मुख्यतः तमिळनाडूतील तिरुप्पूर आणि कोलकाता इथून येतो. पट्ट्यापट्ट्यांची नाडीची चड्डी मात्र विणीची नसते, ती साध्या सुती कापडाची शिवलेली असते. तिच्यात हवा खेळती राहते. घरात घालायला तिच्याइतकी सोयीची वस्तू दुसरी नाही, तिला जुनाट समजून टाकून देणे चुकीचे आहे.

धागा. प्रमाण हवेत, म्हणजे ठरावीक तापमान आणि आर्द्रता असताना, सुती धागा स्वतःच्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही, व्हिस्कोस हा लाकडाच्या लगद्यापासून काढलेला धागा ११ टक्क्यांच्या पुढे जातो. सुती कपडा घाम टिपतो, पण सुकायला वेळ घेतो. पॉलिएस्टर चटकन सुकते, पण घामाचा वास धरून ठेवते. मोडाल हा बीच झाडाच्या लगद्यापासून काढलेला धागा व्हिस्कोसच्या कुळातला. तो हाताला रेशमासारखा लागतो आणि दुकानात सहज भुरळ घालतो, पण ओलावा भरपूर धरतो. ठाण्यासाठी म्हणून पातळ कोम्ब्ड सुती कापड सर्वांत भरवशाचे, ते घाम टिपते आणि पातळ असल्याने त्यातल्या त्यात लवकर सुकते. कोम्बिंगमध्ये आखूड तंतू विंचरून काढलेले असतात, त्यामुळे कापड टोचत नाही आणि त्यावर गोळे कमी येतात. चड्डीत पाच-सात टक्के इलास्टेन असावे, नाहीतर महिन्याभरात मांडीची कड सैल पडते. हा ताणणारा धागा १९५८ मध्ये ड्यूपॉन्ट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी तयार केला. व्यायामाला किंवा धावायला जाताना पॉलिएस्टर चालेल, मात्र घरी आल्यावर ते लगेच उतरवावे.

चड्डी. नाडी, बटणे आणि लांब पायांच्या जागी आलेली आखूड ब्रीफ पहिल्यांदा १९ जानेवारी १९३५ रोजी शिकागोत विक्रीला आली. ती अमेरिकेतील केनोशा शहरातल्या कूपर्स कंपनीने काढली होती, आजची जॉकी तीच. आपल्याकडे 'फ्रेंची' हे एका ब्रँडचे नाव, पण बोलताना कुठल्याही ब्रीफला तेच लावले जाते. दुकानात विचारतात, "आतलं इलास्टिक देऊ की बाहेरचं?" बाहेरचे म्हणजे नाव विणलेली उघडी पट्टी. ती दिसायला छान, पण रुंद नि मऊ नसेल तर घाम साचून कमरेवर लाल वळ उठतो. आतल्या इलास्टिकवर कापडाचे आवरण असते, ज्यांची त्वचा लवकर चिडते त्यांनी तेच घ्यावे. मांडीला मांडी घासणाऱ्यांनी ब्रीफ सोडून ट्रंक, म्हणजे मांडीवर थोडी उतरणारी अंगाबरोबरची चड्डी, घ्यावी. स्टेशनापासून घरापर्यंत रोज चालत जाणाऱ्याला हा फरक पहिल्याच दिवशी जाणवतो.

वृषणांचे तापमान शरीरापेक्षा दोन ते चार अंश सेल्सिअस कमी राहावे लागते. २०१८ मध्ये 'ह्युमन रिप्रॉडक्शन' या नियतकालिकात आलेल्या ६५६ पुरुषांच्या अभ्यासात सैल बॉक्सर घालणाऱ्यांच्या वीर्यात शुक्राणूंची घनता इतरांपेक्षा २५ टक्के जास्त आढळली. यावरून घट्ट कपडा म्हणजे वंध्यत्व असे कोणी समजू नये, पण मूल हवे असताना निदान रात्री तरी सैल घालणे शहाणपणाचे.

माप सेंटिमीटरमध्ये असते : ८०, ८५, ९०, ९५. बरेच जण लग्नाआधीचेच माप आयुष्यभर सांगत राहतात. टेपने पुन्हा मोजावे. बहुतेक दुकाने चड्डी बदलून देत नाहीत, तेव्हा नवा प्रकार असेल तर तीनचे पाकीट न घेता एकच नग घ्यावा.

बनियन. खोक्यावर 'आरएन' (राउंड नेक, गोल गळा) लिहिले असेल तर बिनबाह्यांची, 'आरएनएस' असेल तर बाह्यांची. गाडीत दांडी धरून हात वर ठेवणाऱ्याला बाह्यांचीच उपयोगी, कारण काखेतला घाम ती टिपते आणि शर्टावर डाग येत नाही. पांढऱ्या शर्टाखाली पांढरी बनियन उठून दिसते. त्वचेच्या जवळचा किंवा फिकट राखाडी रंग घातला तर कडा दिसत नाहीत.

साधा टी-शर्ट. हाही मुळात आतलाच कपडा. अमेरिकी नौदलाने १९१३ मध्ये तो खलाशांना गणवेशाखाली घालायला दिला. कापडाची जाडी जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरचे वजन ग्रॅममध्ये, सांगतात. १८० जीएसएमचा टी-शर्ट अंगावर नीट बसतो आणि टिकतो, म्हणून सगळीकडे त्याचीच शिफारस होते. तो डिसेंबर-जानेवारीत घालावा. पावसाळ्यासाठी आणि ऑक्टोबरच्या उन्हासाठी १४० ते १६० पुरे. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर यावी, बाही दंडाला चिकटू नये, गळ्याची रिब, म्हणजे ताणणारी पट्टी, ओढून सोडल्यावर जागेवर यावी. बाजूची शिवण धुतल्यावर पोटाकडे वळत असेल तर तो धाग्यातल्या पिळाचा दोष असतो, इस्त्रीने जात नाही. घामाचा ओलावा सर्वांत जास्त दिसतो राखाडी मेलांजवर (मिसळलेल्या छटांच्या धाग्याच्या कापडावर), गडद निळ्यावर आणि पांढऱ्यावर कमी. काखेतले पिवळे डाग घाम आणि डिओडरंटमधल्या ॲल्युमिनियमच्या क्षारांमुळे पडतात. त्यावर ब्लीच टाकले तर ते आणखी गडद होतात.

धुणे आणि त्वचा. जांघेतला नायटा हा या हवेतला नेहमीचा त्रास, आणि अर्धओली चड्डी घालणे हे त्याचे एक मोठे कारण. पावसाळ्यात निदान आठ-दहा जोड असावेत, म्हणजे न सुकलेला कपडा नाइलाजाने घालावा लागत नाही. कपडा उलटा करून पंख्याखाली टाकावा आणि घडी करण्याआधी कमरेच्या नि जांघेच्या शिवणींवर इस्त्री फिरवावी, ओल तिथेच दडून बसते. नायटा झाला असेल तर कपडे नि टॉवेल घरातल्या इतरांपासून वेगळे ठेवून गरम पाण्यात धुवावेत. मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेले मलम स्वतःहून आणून लावू नये. खाज दोन दिवस थांबते, पण नायटा पसरतो आणि मग त्वचारोगतज्ज्ञालाही तो आटोक्यात आणायला महिने लागतात.