मॉडिफाय केलेली गाडी टोटल लॉस झाल्यास क्लेमची रक्कम कशी ठरते, कागदपत्रे काय लागतात

दुरुस्तीचा खर्च ठरावीक मर्यादेबाहेर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते आणि एकरकमी पैसे देते. ही मर्यादा देशागणिक वेगळी असते. भारतात ती आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत लिहिलेल्या गाडीच्या विमामूल्याच्या, 75 टक्के आहे. मॉडिफाय केलेल्या गाडीचा वाद खरा यानंतर सुरू होतो, कारण कंपनीची पहिली ऑफर बहुधा कंपनी फिटिंगच्या साध्या गाडीच्या भावावर काढलेली असते. त्यावर लगेच सही करू नका, आधी लेखी हिशेब मागा.

पात्रता

बदल पॉलिसीत नोंदवले होते का, यावर सगळे अवलंबून आहे. अलॉय व्हील, सस्पेन्शन, टर्बो, ईसीयू रीमॅप (इंजिनच्या कंट्रोल संगणकाच्या प्रोग्रॅममधील बदल), गॅस किट यांपैकी जे नोंदवले आहे त्याचेच पैसे हक्काने मागता येतात. न कळवलेला बदल कंपनी हिशेबातून वगळू शकते. त्याने जोखीम वाढली असेल तर अख्खा क्लेमही अडू शकतो. तरीही सर्व्हेअरपासून, म्हणजे नुकसान तपासायला येणाऱ्यापासून, काही लपवू नका. खोटी माहिती उघड झाली तर उरलासुरला हक्कही जातो.

पॉलिसीत गाडीचे मूल्य आधीच ठरवून लिहिले असेल, तर घासाघीस फारशी उरत नाही. पॉलिसी बाजारभावाची असेल, तर पुराव्यावरच सगळी मदार.

कागदपत्रे

पॉलिसी आणि तिच्या एन्डॉर्समेंट (पॉलिसीतील बदलांच्या लेखी नोंदी), नोंदणी प्रमाणपत्र, चालकाचा परवाना, क्लेम फॉर्म, लागू असेल तेथे पोलिसांकडील नोंद. कर्ज असेल तर बाकी रकमेचे पत्र. आधी बँकेचे पैसे फिटतात. बदलांसाठी पार्टची आणि फिटिंगची बिले वेगवेगळी हवीत, आणि त्यांवर गाडीचा नंबर असलेला उत्तम. नुसते ‘सस्पेन्शन किट’ लिहिलेले बिल कोणत्याही गाडीचे असू शकते. अपघाताआधीचे तारखेसह फोटो आणि सर्व्हिसच्या नोंदीही जोडा.

रक्कम कशी मागावी

बिलांची बेरीज म्हणजे गाडीची किंमत नव्हे. मजुरी, रंगकाम, ट्यूनिंगचा खर्च पुनर्विक्रीत क्वचितच वसूल होतो, त्यामुळे तेवढीच बेरीज पुढे केली तर कंपनी सहज फेटाळते. त्यापेक्षा त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या, जवळपास तितक्याच किलोमीटरच्या आणि तसेच बदल केलेल्या गाड्यांच्या विक्रीच्या जाहिराती शोधून त्यांच्या प्रती लावा. कंपनीने तुलनेला घेतलेल्या गाड्याही तपासा. व्हेरिएंट खालचे किंवा किलोमीटर जास्त असे बरेचदा आढळते. पत्र साधे ठेवा: ‘आपण तुलनेस घेतलेली दुसरी गाडी बेस व्हेरिएंटची आहे, माझी टॉप व्हेरिएंटची आहे. कृपया फेरमूल्यांकन करावे.’ रक्कम मोठी असेल तर स्वतंत्र मूल्यांकनकाराचा अहवाल घ्या. त्याची फी बहुतेक वेळा आपल्यालाच भरावी लागते.

महागडे पार्ट परत हवे असतील तर गाडी कंपनीच्या ताब्यात जाण्याआधी लेखी परवानगी घ्या. न विचारता काढलेला पार्ट क्लेममधून वजा होतो. मूळ पार्ट बसवून देण्याची अट असू शकते. गाडीच ठेवायची असेल तर भंगाराची किंमत वजा करून पैसे मिळतात, मात्र ती पुन्हा रस्त्यावर आणता येईल का, हे नोंदणी कार्यालयात आधी विचारा.

तक्रार

आधी कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी तक्रार करा. भारतात महिन्याभरात उत्तर न आल्यास किंवा ते पटले नाही तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. कंपनीने नकार दिल्यापासून 1 वर्षाची मुदत असते.