आरव्हीचा गीझर : बूच काढलं म्हणजे टाकी धुतली गेली?

'वर्षातून एकदा बूच काढा, पाणी वाहू द्या, टाकी साफ', हा सल्ला आरव्हीवाल्यांमध्ये, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाड्या वापरणाऱ्यांमध्ये, वर्षानुवर्षं फिरतोय. तो अर्धवट आहे.

निचऱ्याचं भोक टाकीच्या तळाच्या थोडं वर असतं. त्यामुळे पाणी वाहून गेलं तरी तळाशी थोडं उरतंच, आणि क्षारांचे पांढरे खडे नेमके त्यातच बसलेले असतात. ते आपोआप बाहेर येत नाहीत. त्यासाठी भोकातून बारीक, वाकडी नळी आत घालून जोराच्या धारेने तळ खळबळवावा लागतो. बाहेर येणारं पाणी नितळ दिसेपर्यंत थांबू नका. पहिल्यांदा किती गाळ निघतो ते पाहून खरंच धक्का बसतो!

बूच काढण्याआधी मात्र गॅस आणि वीज दोन्ही बंद हवीत, पंप किंवा बाहेरून येणारं पाणीही बंद. टाकी थंड होऊ द्या आणि गरम पाण्याचा नळ उघडून दाब घालवा. इथे घाई केली तर कढत पाणी अंगावर येतं. टाकी पुन्हा काठोकाठ भरल्याशिवाय विजेचं बटण दाबू नका, पाणी तापवणारं एलिमेंट कोरडं असेल तर क्षणात जळतं.

अॅनोड रॉड, म्हणजे टाकीऐवजी स्वतः गंजणारी धातूची कांडी, सगळ्यांना लागतो, हाही गैरसमजच. सबर्बन कंपनीच्या गीझरच्या पोलादी टाकीला तो हवाच. तीन चतुर्थांश झिजला की बदला. अॅटवूड कंपनीच्या गीझरची टाकी अॅल्युमिनियमची, तिला प्लास्टिकचं साधं बूच पुरतं.