कोकण रेल्वे: वेग ठरवला १६०चा, लाइन टाकली एकच

गणपतीला गावी जाणाऱ्या प्रत्येकाने हे बघितलंय, गाडी मधल्याच एखाद्या छोट्या स्टेशनात लूपवर (बाजूच्या लाइनवर) घेतात, मंडळी दारात येऊन सिग्नलकडे बघत बसतात, मग वीस मिनिटांनी समोरून एक गाडी धाडधाड निघून जाते आणि तेव्हा कुठे आपली हलते. याचं मूळ १९९० सालात आहे.

तेव्हा जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, मधु दंडवते अर्थमंत्री, आणि कामाची सूत्रं ई. श्रीधरन यांच्याकडे. रेल्वेचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा-केरळचे ६-६ अशी कंपनी काढली, बाकीचा पैसा बाँडमधून उभा केला. रोहा ते मंगळुरूजवळचं ठोकूर ७४१ किमी. आखणी मात्र जबरदस्त केली, चढ १५० मीटरला १ मीटरपेक्षा जास्त नको, वळणाची त्रिज्या १२५० मीटरच्या खाली नको, म्हणजे ताशी १६० ने गाडी पळू शकेल. कर्जत-लोणावळ्यासारखं मागे जादा इंजिन लावायची कटकटच नाही. त्यासाठी सह्याद्रीत ९१ बोगदे खणले, त्यातला करबुडेचा तर साडेसहा किमी! २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला.

पण लाइन एकच. दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी. समजा ते अंतर कापायला १२ मिनिटं लागतात आणि लाइन मोकळी करून पुढची गाडी सोडायला ५, तर २४ तासांत हिशोबाने ८४ गाड्या, त्यातल्या ७० टक्केच धरायच्या असतात (दुरुस्ती, उशीर वगैरे), म्हणजे ५९, आणि त्याही दोन्ही दिशा मिळून, मालगाड्या, रो-रो (भरलेले ट्रक वाहून नेणाऱ्या गाड्या) सगळं धरून. मध्ये एक क्रॉसिंग स्टेशन, म्हणजे समोरासमोरच्या गाड्या एकमेकींना ओलांडतील असं स्टेशन, टाकलं की १२ ची ६ होतात पण ती ५ मिनिटं तशीच राहतात, त्यामुळे गाड्या दुप्पट होत नाहीत, ९१ च्या आसपास जातात. नंतर कळबणी, कडवई, वेरवली अशी नवी स्टेशनं आली ती याचसाठी, आणि माझ्या मते तो पैसा अगदी योग्य जागी गेला.

त्यात पाऊस. २००३ ला वैभववाडीजवळ आणि २००४ ला करंजाडीजवळ दरड आणि दगडांमुळे अपघात झाले, माणसं गेली, त्यामुळे पावसाळ्यात वेग कमी ठेवतात ते बरोबरच आहे, पण प्रत्येक गाडी ब्लॉकमध्ये, म्हणजे दोन स्टेशनांच्या मधल्या तुकड्यात, जास्त वेळ अडकते म्हणजे गाड्याही कमीच बसणार. मुंबई-मडगाव वंदे भारत एरवी पावणेआठ तासांत जाते, पावसाळ्यात दहा तास, तेही आठवड्यातून सहाऐवजी तीनच दिवस.

१९९३ ला सुरू झालेला रोहा-वीर तुकडा, तोच २०२१ ला डबल झाला. वीरच्या पुढे खेड, चिपळूण, रत्नागिरी, सावंतवाडीपर्यंत अजून एकच लाइन आहे, आणि दुसरी टाकायची म्हणजे बोगदेही दुसरे खणायचे.