मुलांमधील दुर्बिणीद्वारे पोटाची शस्त्रक्रिया : धोके व गुंतागुंत

मुलाच्या पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून, साधारण ३ ते ५ मिलिमीटरच्या छिद्रांतून दुर्बीण आणि बारीक अवजारे घालून केलेल्या शस्त्रक्रियेत उद्‌भवू शकणारे अपाय. अपेंडिक्स, पित्ताशय, हर्निया, पोटातच राहिलेले वृषण अशा अनेक तक्रारींसाठी ही पद्धत आता रुळली आहे. गंभीर गुंतागुंत क्वचितच होते. मात्र मुलाचे शरीर वेगळे असल्याने प्रौढांवरून बांधलेले अंदाज येथे फसतात.

सर्वांत नाजूक क्षण पहिल्या छिद्राचा. मुलाच्या पोटाची भिंत पातळ व लवचीक असते. ट्रोकार (छिद्र पाडून अवजारांना वाट करून देणारी टोकदार नळी) दाबताच ती आत दबते आणि आतडी, महाधमनी व तिच्या शाखा अगदी टोकाशी येतात. तान्ह्या बाळाचे मूत्राशय बरेचसे पोटातच असते, यकृताची कडाही बरगड्यांखाली आलेली असते. म्हणून मूत्राशय व जठर नळीने आधी रिकामे करतात. सुई अंदाजाने आत घालण्याऐवजी बेंबीशी छोटा छेद घेऊन डोळ्यांदेखत पोटात शिरणे अनेक शल्यचिकित्सक पसंत करतात, आणि लहानग्यांमध्ये तेच अधिक सयुक्तिक वाटते.

वायूचे परिणाम पालकांना दिसत नाहीत, भूलतज्ज्ञाचे लक्ष मात्र सतत त्यांवर असते. पोट फुगले की श्वासपटल वर ढकलले जाते. बाळाचा श्वास मुख्यतः त्यावरच चालतो आणि फुप्फुसांतील ऑक्सिजनचा साठाही तुटपुंजा, त्यामुळे रक्तातील ऑक्सिजन झपाट्याने घसरू शकतो. शोषलेल्या वायूमुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढतो. पोटाचे आतले आवरण एकाएकी ताणले गेले तर हृदयाचे ठोके मंदावतात. तेव्हा आधी वायू सोडून द्यावा लागतो. प्रौढांत १२ ते १५ मिलिमीटर पारा दाब वापरतात, तान्ह्यांत तो साधारण ६ ते ८ ठेवतात. नवजात बाळाची नाभीशीर पूर्ण मिटलेली नसते. तीतून वायू थेट रक्तात शिरणे दुर्मिळ, पण जीवघेणे. थंड, कोरड्या वायूने बाळाचे अंगही गार पडते.

शस्त्रक्रियेनंतर खांदा दुखणे, जखमेत पू होणे हे त्यामानाने किरकोळ. लहान मुलांत अगदी ५ मिलिमीटरच्या छिद्रातूनही वपा (आतड्यांवर पसरलेला चरबीचा पडदा) किंवा आतडे बाहेर डोकावू शकते, म्हणून त्वचेखालचा थरही टाक्याने शिवतात. फुटलेल्या अपेंडिक्सनंतर पोटात गळू होऊ शकते. ते मूळ संसर्गामुळे होते, छेद मोठा असो वा लहान. विद्युत अवजाराने आतड्याला बसलेला चटका त्या वेळी ध्यानात येत नाही आणि काही दिवसांनी तेथे छिद्र पडते. वेदना दिवसागणिक कमी होण्याऐवजी वाढल्या, ताप आला, पोट फुगले किंवा हिरवी उलटी झाली, तर मुलाला लगेच रुग्णालयात न्यावे.

रक्तस्राव आवरेना किंवा आतले स्पष्ट दिसेना, तर पोट उघडून शस्त्रक्रिया पुरी करतात. याला अपयश मानणे चुकीचे आहे. ही शक्यता पालकांना संमतिपत्रावर सही घेण्याआधीच सांगायला हवी.